घर विकताना वाजलेला भोंगा



मागच्या हिवाळ्यात आम्ही न्यू जर्सीतले आमचे जुने घर विकायला काढले. जिने चढणे आता दोघांच्याही गुडघ्यांना जमेना. वकिलाने कागदांची यादी दिली, त्यात टाउनचे एक प्रमाणपत्र होते. इथे एक किंवा दोन कुटुंबांचे घर विकताना तीन गोष्टींची तपासणी होते: धुराचे डिटेक्टर, कार्बन मोनॉक्साइड वायूचे डिटेक्टर आणि स्वयंपाकघराजवळ आग विझवण्याचा सिलिंडर. मी म्हटले, त्यात काय, छताला डिटेक्टर आहेतच की!

तपासनीस आला आणि दहा मिनिटांत आम्हाला नापास करून गेला. जिन्याजवळचा डिटेक्टर २००३ सालचा निघाला. मी बटण दाबून दाखवले, तो वाजलाही. तो म्हणाला, "बटणाने भोंगा आणि बॅटरी तेवढी कळते. धूर ओळखणारा भाग म्हातारा झालाय." स्वयंपाकघराबाहेरच्या डिटेक्टरमध्ये तर बॅटरीच नव्हती. लाल मिरचीची फोडणी दिली की तो कोकलायचा, म्हणून मीच ती काढून ठेवली होती. वायूच्या डिटेक्टरची मुदत कधीच संपलेली. चाळीस वर्षे नर्सिंग केलेली मी, मान खाली घालून ऐकत होते.

रविवारी जावयाने नवे डिटेक्टर बसवले. गुरुवारी पहाटे झोपायच्या खोलीबाहेरचा भोंगा वाजू लागला. चार वेळा टीं-टीं, मग थांबा, पुन्हा चार वेळा. यजमान म्हणाले, "नवा आहे, बिघडला असेल. बॅटरी काढ." मी काढलीही असती! पण २०१९ पासून इथे बॅटरीवर चालणारा नवा डिटेक्टर दहा वर्षांच्या बंद बॅटरीचाच लागतो, ती निघत नाही. आवाज बंद करायचे बटण दाबले, तर काही मिनिटांनी पुन्हा तेच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन महिने मी डोके धरूनच उठत होते. यजमानांना मळमळ व्हायची, बोलता बोलता विसरायचे. मी म्हणायची, ब्लडप्रेशर, वय, घर सोडायचे दुःख. मुलीकडे दोन दिवस राहिलो की मात्र दोघेही ठणठणीत! हे दुसऱ्या कोणा पेशंटने सांगितले असते, तर मी लगेच ओळखले असते.

कोट चढवून आम्ही बाहेर आलो आणि ९११ ला फोन केला. तळघरातल्या बॉयलरच्या धुराड्यात पक्ष्याचे घरटे अडकले होते. धूर वर न जाता घरात उतरत होता. हॉस्पिटलात मास्क लावून ऑक्सिजन दिला, आणि दुपारपर्यंत डोके हलके झाले.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. माझ्या बोटावर तो रोज ९८ दाखवत होता आणि मी निर्धास्त होते. खरे काय ते रक्ताच्या तपासणीतच कळते. म्हणून घरात दोघांचे डोके एकदम दुखते आणि बाहेर गेल्यावर थांबते, असे असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

आपल्याकडे शब्बाथसाठी गॅस मंद ठेवतात किंवा हॉट प्लेट रात्रभर चालू ठेवतात, त्यांनी तर अधिकच जपावे. मार्च २०१५ मध्ये ब्रुकलिनमध्ये अशाच हॉट प्लेटपासून आग लागली आणि एकाच घरातली सात मुले गेली. तिथे धुराचा डिटेक्टर होता, पण फक्त तळघरात.

घर विकायचे नसले तरी एवढे करा:

धुराचा डिटेक्टर प्रत्येक मजल्यावर, तळघरातही हवा. झोपायच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत धुराचा आणि वायूचा, दोन्ही हवेत.

मागची तारीख वाचा. धुराचा डिटेक्टर दहा वर्षांनी बदलायचा. वायूच्या डिटेक्टरची मुदत त्याच्यावर छापलेली असते, काहींची त्याहून कमी असते.

तीन-तीन वेळा वाजला तर धूर, चार-चार वेळा वाजला तर वायू. दोन्ही वेळी आधी बाहेर पडा, मग फोन करा. खिडकी उघडून घरात बसू नका.

बॉयलर आणि धुराडे दर वर्षी थंडीआधी तपासून घ्या.

घर विकणार असाल तर प्रमाणपत्राचा अर्ज लवकर करा. ते सहा महिने चालते, आणि ऐनवेळी अर्ज केला तर फी जास्त पडते.

आणि एक विनंती. तारीख बघायला स्वतः खुर्चीवर चढू नका. नातवाला बोलवा, त्याला चहा-बिस्किट द्या आणि त्याच्याकडून वाचून घ्या.