आज रात्री कोण वाजवतंय?

जॅझच्या जन्मगावातलं एक रेडिओ स्टेशन चार दशकांहून अधिक काळ हा एकच प्रश्न सोडवतंय. त्यातून आपल्या शहरांनी काय उचलावं?

एक वाजला, तीन वाजले, पाच वाजले... विषम आकड्यावर काटा आला, की न्यू ऑर्लिन्सच्या ९०.७ एफएमवर गाणी थांबतात आणि एक यादी सुरू होते. आज गावात कुठे काय आहे, त्याची यादी. अमक्या क्लबात रात्री दहाला ब्रास बँड, तमक्या बारमध्ये पियानोवर कोण, पलीकडच्या गल्लीत ब्लूज कुणाचा. क्लबचं नाव, कलाकाराचं नाव, वेळ. बस्स! यादी संपली की पुन्हा गाणी.

या यादीला म्हणतात ‘लाइव्हवायर’ आणि स्टेशनचं नाव डब्ल्यूडब्ल्यूओझेड. (जीभ वळत नाही ना? आपण नुसतं ‘ओझेड’ म्हणूया.) मी पहिल्यांदा हे स्टेशन स्ट्रीमवर लावलं ते अर्थातच जॅझसाठी. अडकले मात्र या यादीत. वाटलं, यात काय एवढं? लग्नाच्या हॉलबाहेरच्या पाटीसारखं तर आहे! पण चार-आठ दिवस ऐकल्यावर लक्षात आलं, की बॉस, या स्टेशनचा खरा फंडा हाच आहे. उत्तम जॅझ आज कुठल्याही म्युझिक अ‍ॅपवर मिळतं. पण तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आज रात्री कोण वाजवतंय, हे ते अ‍ॅप रोज आठवणीने सांगतं का?

जमिनीला भोक, भोकातून माइक

ओझेडची जन्मकथा एकदम फिल्मी आहे. वॉल्टर आणि जेरी ब्रॉक हे टेक्सासचे दोन भाऊ. डिसेंबर १९८० मध्ये त्यांनी हे स्टेशन हवेत सोडलं. नाव घेतलं ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’वरून. त्या गोष्टीतला थोर जादूगार प्रत्यक्षात पडद्यामागे बसलेला साधा माणूस निघतो. रेडिओवरही बोलणाऱ्याला महत्त्व नको, गाण्याला हवं, अशी भावांची भूमिका होती. आपल्याकडचे आरजे ऐकताय ना?

सुरुवातीच्या काळात स्टुडिओ होता ‘टिपिटिनाज’ या क्लबच्या वरच्या मजल्यावर. खाली रोज रात्री कार्यक्रम, वर रेडिओ. मग लाइव्ह प्रक्षेपण कसं करायचं? सोप्पं! जमिनीला भोक पाडलं आणि त्यातून माइक खाली सोडला. झालं ओबी युनिट!

या जुगाडू दिवसांतला सगळ्यात रंगेल माणूस म्हणजे अर्नी के-डो. १९६१ मध्ये त्याचं ‘मदर-इन-लॉ’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं होतं. पुढे नशीब फिरलं, दारूने गाठलं, लोक विसरले. ऐंशीच्या दशकात ओझेडने त्याला माइकसमोर बसवलं. तो जे काही बोलायचा ते कुठल्याही प्रोफेशनल स्टेशनने पाच मिनिटांत बंद पाडलं असतं. स्वतःचीच रेकॉर्ड लावायची आणि स्वतःचंच तोंडभरून कौतुक करायचं! पण गाव कान टवकारून ऐकायचं. नव्वदच्या दशकात त्याने स्वतःचा छोटा बार काढला, नाव अर्थातच ‘मदर-इन-लॉ लाउंज’. २००१ मध्ये तो गेला, तेव्हा तो विस्मरणात गेलेला गायक नव्हता. पुन्हा एकदा गावाचा लाडका होता.

पगार शून्य, रुबाब पूर्ण

ओझेडवर कार्यक्रम करणारी मंडळी स्वयंसेवक असतात. पगार नाही. दिवसभर आपापली नोकरी करायची आणि ठरलेल्या वेळी आपल्या आवडीचं संगीत घेऊन यायचं. पारंपरिक जॅझ, मॉडर्न जॅझ, ब्लूज, गॉस्पेल, लुइझियानाच्या खेड्यांतलं केजन आणि झायडेको... वरून कुणी प्लेलिस्ट पाठवत नाही.

मग पैसा येतो कुठून? स्टेशन ना-नफा तत्त्वावरचं, त्यामुळे आपल्याकडे गाण्यागणिक आदळतात तशा जाहिराती नाहीत. श्रोतेच वर्गणी भरून सभासद होतात. ऐंशीच्या दशकात स्टेशनची मालकी न्यू ऑर्लिन्स जॅझ अँड हेरिटेज फाउंडेशनकडे आली. १९७० पासून तिथला प्रसिद्ध जॅझ फेस्ट जिच्या नावाने होतो, तीच ही संस्था. म्हणजे सवाई गंधर्वच्या आयोजकांचं स्वतःचं रेडिओ स्टेशन असावं, तसा प्रकार.

आणि हे सगळं फक्त क्लबपुरतं नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये मोसमात रविवारी ‘सेकंड लाइन’ निघते. पुढे वस्तीतल्या मंडळाचे लोक नटूनथटून, मागे ब्रास बँड आणि त्यामागे नाचत जाणारी पब्लिक. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको! ‘मार्डी ग्रा इंडियन्स’ म्हणवणारे कृष्णवर्णीय कारागीर वर्षभर मणी आणि पिसं शिवत एकेक पोशाख तयार करतात. मिरवणूक कुठून निघणार, कुठल्या रस्त्याने जाणार, हे ओझेड सांगतं. मोठी चॅनल्स तिथे क्वचित फिरकतात. वस्तीतली कला वस्तीलाच सांगायची, हे या स्टेशनचं रोजचं काम.

शहर बुडालं, यादी बदलली

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ओझेड तेव्हा ट्रेमे वस्तीला लागून असलेल्या लुई आर्मस्ट्राँग पार्कमध्ये होतं. प्रक्षेपण बंद पडलं आणि कार्यक्रम करणारे देशभर पांगले.

काही दिवसांतच न्यू जर्सीतलं डब्ल्यूएफएमयू हे तसंच एक स्वतंत्र स्टेशन मदतीला धावलं. त्याच्या साहाय्याने इंटरनेटवर ‘डब्ल्यूडब्ल्यूओझेड इन एग्झाइल’ सुरू झालं. एग्झाइल म्हणजे वनवास. शहर रिकामं होतं, क्लब बंद होते, लाइव्हवायरमध्ये वाचायला काहीच उरलं नव्हतं. तेव्हा ओझेडने वेगळी यादी हाती घेतली. कोणता कलाकार सापडला, कोण सुखरूप आहे, त्याची! फॅट्स डॉमिनोसारखा जगप्रसिद्ध पियानिस्टसुद्धा त्या आठवड्यात काही दिवस बेपत्ता होता. नंतर कळलं, त्याला घरातून वाचवण्यात आलं होतं. मग ज्यांची नावं गावाबाहेर कुणालाच ठाऊक नाहीत, अशा ट्रॉम्बोनवाल्यांची आणि ढोलवाल्यांची चौकशी कोण करणार? ज्या स्टेशनने वर्षानुवर्षं रोज त्यांची नावं घेतली, तेच.

पुढे स्टेशनने बॅटन रूजमधून काम चालवलं आणि वर्ष संपायच्या आत ते न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच मार्केटमध्ये परतलं. मोडक्या शहरात एकेक क्लब उघडत गेला, तशी लाइव्हवायरही पुन्हा लांबत गेली. एखादं शहर जिवंत होतंय हे कानांनी मोजता येतं, ते असं.

संकटं संपलीत असं नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा १.१ अब्ज डॉलर्सचा मंजूर निधी काढून घेतला. आता तिथल्या अशा स्टेशनांची मदार पूर्वीपेक्षा जास्त श्रोत्यांच्या खिशावर आहे.

आणि आपण?

‘जॅझ म्हणजे आपलं काय घेणंदेणं’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकी कृष्णवर्णीय कलाकार जॅझ वाजवत होते. त्यांच्याकडून ते गोव्याच्या वादकांनी उचललं. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट तर ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखला जायचा. आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीतात हा रंग उतरला आणि १९५१ चा ‘अलबेला’ अख्ख्या देशाला नाचवून गेला. खुद्द आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये मुंबईत वाजवून गेला. १९७८ मध्ये रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तेव्हा सॅक्सोफोनवर सॉनी रॉलिन्स होता! पुढे सायलेन्स झोनच्या नियमात रंगभवनातल्या मैफलीही थांबल्या.

पण त्या गोव्याच्या वादकांपैकी किती नावं आपल्याला आठवतात? सिनेमाच्या स्टुडिओत त्यांनी आयुष्यं काढली, अ‍ॅरेंजमेंट्स लिहिल्या. श्रेयनामावलीत बहुतेकांना जागा नव्हती. टॅलेंट आपल्याकडेही मुबलक होतं. रोज कुणीतरी त्यांची नावं घेणं तेवढं राहून गेलं.

तेव्हा निदान कायद्याची सबब होती. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओची दारं उघडली. आज देशात अशी पाचशेच्या आसपास स्टेशनं आहेत. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ सुरू झाला, साताऱ्याच्या म्हसवडमध्ये २००८ पासून माणदेशी तरंग आहे. ताकद १०० वॉटची, पल्ला जेमतेम दहा किलोमीटरचा. पण ‘आज रात्री कोण वाजवतंय’ हे सांगायला दहा किलोमीटर पुष्कळ झाले! प्रायोगिक नाटकाचा चाळीस खुर्च्यांचा प्रयोग, भजनी मंडळाची बारी, गॅरेजमध्ये सराव करणारा कॉलेजचा बँड, कोपऱ्यावरच्या कॅफेतला गिटारवाला. दिवसातून चार वेळा, दोन मिनिटांची यादी. खर्च? एक वही आणि फोन उचलणारा कुणीतरी.

नाहीतर शेजारच्या इमारतीत राहणारा सॅक्सोफोनवाला आपल्याला कळायचा तो श्रद्धांजलीच्या पोस्टमधूनच.

ऐकायचंय?

ओझेड ऑनलाइन फुकट ऐकता येतं. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिथे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ आणि उन्हाळ्यात दहा. म्हणजे आपण ऑफिसला निघतो तेव्हा तिथली रात्र रंगात येत असते. हेडफोन लावा, लोकल पकडा आणि लाइव्हवायर चुकवू नका. आणि संध्याकाळी घरी परतताना आपल्या गल्लीतल्या हॉलबाहेरचा बोर्डही एकदा वाचा!