सर्व्हरमधील दडलेले दोष आणि तासांचा हिशेब

जमिनीचा सातबारा, जन्ममृत्यूची नोंद, शाळेतील विद्यार्थ्यांचा पट, घरपट्टीचा हिशेब ही सारी माहिती एकेकाळी दप्तरखान्यातील रुमालांत बांधून ठेवलेली असे. आज तिचा फार मोठा भाग सर्व्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकांत साठविला जातो. दप्तराला वाळवी, ओल आणि आग यांचे भय असे व ते डोळ्यांना दिसे. सर्व्हरला असणारे भय काहीसे निराळे आहे. त्याचे काही दोष कारखान्यातूनच त्याच्याबरोबर येतात, वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखविता दडून राहतात आणि घटका भरताच प्रकट होतात. असे दोष लक्षात आल्यावर उत्पादक त्यांची सूचना काढतात व बहुधा उपायही सांगतात. तो वेळेवर योजणे मात्र यंत्र वापरणाऱ्याच्याच हाती असते.

फर्मवेअर म्हणजे काय?

सर्व्हरमध्ये माहिती साठविणाऱ्या डिस्क, गणन करणारा प्रोसेसर, वीजपुरवठ्याचे व थंडाव्याचे भाग असतात. यांपैकी बहुतेक भागांच्या आतच त्यांना चालविणारी एक छोटी आज्ञावली भरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. कार्यालयातील कर्मचारी पडद्यावर जी आज्ञावली वापरतो, तिच्याशी फर्मवेअरचा थेट संबंध नसतो. त्यामुळे वरची आज्ञावली कितीही निर्दोष असली, तरी आतील फर्मवेअरमध्ये चूक असल्यास यंत्र बंद पडू शकते.

३२,७६८ तासांची मर्यादा

या प्रकारचे एक बोलके उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढे आले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या अमेरिकन कंपनीने आपल्या ग्राहकांना एक तातडीची सूचना दिली. तिच्या सर्व्हरमध्ये बसविलेल्या काही सॉलिड स्टेट ड्राइव्ह प्रकारच्या डिस्क एकूण ३२,७६८ तास चालल्यानंतर निकामी होणार होत्या. हा काळ ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास इतका भरतो. त्यानंतर ती डिस्कही दुरुस्त होणार नव्हती आणि तिच्यातील माहितीही परत मिळणार नव्हती. उपाय एकच होता. ती घटका येण्यापूर्वी डिस्कमध्ये सुधारित फर्मवेअर भरणे.

नेमका हाच आकडा का, हे समजण्यास स्कूटरच्या किलोमीटर दाखविणाऱ्या मीटरचे उदाहरण घेता येईल. जुन्या पाच आकडी मीटरमध्ये ९९,९९९ नंतर पुन्हा शून्ये येत. संगणकातील मोजणीच्या कप्प्यालाही अशीच मर्यादा असते. धन व ऋण अशा दोन्ही संख्या ठेवणाऱ्या सोळा बिटांच्या कप्प्यात ३२,७६७ ही सर्वांत मोठी संख्या मावते. तीत आणखी एक मिळविताच ती उलटून ऋण होते. तास मोजणाऱ्या आज्ञावलीने याची तरतूद केलेली नसेल, तर यंत्राचा गोंधळ उडतो.

जोडीची प्रत पुरेशी का नाही?

मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीने दुसऱ्या काही डिस्कसंबंधी सूचना काढली. या वेळी मर्यादा ४०,००० तासांची, म्हणजे ४ वर्षे, २०६ दिवस आणि १६ तासांची होती. मात्र पहिल्या डिस्क ऑक्टोबर २०२० पूर्वी त्या मर्यादेस पोहोचणार नाहीत, असा कंपनीचा अंदाज होता. उपाय योजण्यास काही महिन्यांचा अवधी मिळाला.

या दोन्ही प्रकरणांतील खरा धोका एका डिस्कपुरता नव्हता. एक डिस्क बिघडली तरी काम अडू नये म्हणून सर्व्हरमध्ये तीच माहिती दोन किंवा अधिक डिस्कवर विभागून अथवा जोडीने ठेवतात. परंतु या डिस्क बहुधा एकाच दिवशी बसविलेल्या व एकाच दिवशी सुरू केलेल्या असतात. त्यांचे तासही बरोबरच भरतात. अशा वेळी मूळ माहिती व तिची जोड ही दोन्ही जवळजवळ एकाच वेळी नाहीशी होतात. कुलूप मजबूत असले, तरी दोन्ही किल्ल्या एकाच खिशात ठेवण्यासारखा हा प्रकार होय.

प्रत्येक दोषावर नवे फर्मवेअर मिळतेच असे नाही. एएमडी या कंपनीच्या ‘एपिक ७००२’ मालिकेतील प्रोसेसरचा एक भाग शेवटच्या पुनरारंभानंतर सुमारे १,०४४ दिवसांनी अडकून पडू शकतो, ही गोष्ट २०२३ मध्ये सर्वत्र ज्ञात झाली. तो दोष दूर करण्याचा विचार नसल्याचे कंपनीने नमूद केले. मुदतीपूर्वी सर्व्हर एकदा बंद करून सुरू करावा, अथवा प्रोसेसरची एक विशिष्ट विश्रांती-अवस्था बंद ठेवावी, एवढाच मार्ग उरला. कित्येक वर्षे सर्व्हर अखंड चालू ठेवणे ही नेहमीच अभिमानाची बाब नसते, हे यावरून ध्यानात येईल.

कार्यालयांनी घ्यावयाची काळजी

ज्या कार्यालयात, महाविद्यालयात किंवा सहकारी संस्थेत स्वतःचा सर्व्हर आहे, तेथे जडसंग्रह नोंदवहीत यंत्राची किंमत लिहून थांबू नये. प्रत्येक डिस्कचा नमुना क्रमांक, ती सुरू केल्याची तारीख व फर्मवेअरची आवृत्ती यांचीही नोंद असावी. उत्पादकाच्या सूचना दरमहा पाहण्याचे काम एका नेमून दिलेल्या व्यक्तीकडे असावे. वार्षिक देखभालीच्या करारात फर्मवेअर अद्ययावत करण्याचे कलम स्पष्ट शब्दांत घालावे. हे काम सुरू असताना वीज गेल्यास डिस्कच निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून आधी माहितीची प्रत काढावी व अखंड वीजपुरवठ्याची खात्री करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माहितीची एक प्रत निराळ्या यंत्रावर आणि निराळ्या ठिकाणी असली पाहिजे. तिच्यातून माहिती प्रत्यक्ष परत मिळते की नाही, हेही मधूनमधून तपासले पाहिजे. न तपासलेली प्रत ही नुसती आशा असते.

पंचायत सदस्य अथवा मुख्याध्यापक यांना सर्व्हरचे तंत्र अवगत असण्याची आवश्यकता नाही. परंतु आपल्या गावाची व शाळेची नोंद कोठे आहे, तिची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची केव्हा तपासली, हे तीन प्रश्न त्यांना निश्चितच विचारता येतील. डिस्क नवी विकत घेता येते. तिच्याबरोबर नाहीशी झालेली वारसाची नोंद मात्र बाजारात मिळत नाही.