स्वादुपिंडाच्या घडणीतील भेद

जठरामागे आडवे पहुडलेले स्वादुपिंड गर्भावस्थेत दोन स्वतंत्र अंकुरांतून उत्पन्न होते, आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास त्यांतील पुढचा अंकुर आद्यांत्राला, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभाला, वळसा घालून मागच्यास मिळाला की, शरीररचनातज्ज्ञ व्हिर्सुंगने १६४२ मध्ये पदुआ येथे दाखविलेली मुख्य नलिका सिद्ध होते. शंभरांपैकी सुमारे दहा जणांत या दोन अंकुरांच्या नलिका जुळतच नाहीत. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही, परंतु ज्या रुग्णास स्वादुपिंडदाह पुनःपुन्हा होतो आणि मद्य वा पित्ताशयातील खडे यांपैकी कोणतेच कारण सापडत नाही, त्याच्या बाबतीत या भेदाचे स्मरण ठेवणे वैद्याला अगत्याचे आहे.

याहून दुर्मिळ, पण कितीतरी निकडीचा प्रकार वलयाकृती स्वादुपिंडाचा. ग्रंथीचे कडे आद्यांत्रास आवळते, नवजात अर्भकाच्या पोटात दूध ठरत नाही, आणि शस्त्रक्रियेवाचून वाट मोकळी होत नाही. अक्कलकुवा तालुक्यात मोलगीकडील पाड्यांवरून नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय गाठावयाचे तर देवगोईचा घाट उतरावा लागतो; म्हणून तान्हे बाळ हिरवी उलटी करू लागल्यास, घरगुती उपायांत एक प्रहरही न दवडता, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.