प्लेटलेटचा आकडा आणि पोटाचा घेर

डेंग्यूची साथ आली की घरोघरी प्लेटलेटची चौकशी सुरू होते. आकडा दीड लाखाखाली गेला की पपईच्या पानांचा रस निघतो, नातेवाइकांचे फोन सुरू होतात. ताप उतरला की सीबीसीच्या रिपोर्टातला तो रकाना कुणी पाहत नाही. पण ज्यांचे पोट सुटले आहे, त्यांनी तो एरवीही पाहायला हवा.

सुटलेल्या पोटाबरोबर बऱ्याचदा मेटाबॉलिक सिंड्रोम येतो; तो ठरवायला पाच खुणा तपासतात. पोटाचा घेर आपल्याकडच्या पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५०पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक. यातल्या तीन जुळल्या की निदान झाले. घेराची मर्यादा आपल्यासाठी कमी ठेवली, कारण बारीक दिसणाऱ्या भारतीयांतही चरबी बरीच असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे अनेक वर्षांच्या कामातून दाखवले आहे.

पोटातली ही चरबी स्वस्थ बसत नाही. ती इंटरल्युकिन-६सारखी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. त्यांच्या प्रभावाने यकृत थ्रोम्बोपोएटिन जास्त बनवते आणि अस्थिमज्जेत प्लेटलेटचे उत्पादन वाढते. म्हणून अनेक पाहण्यांत सिंड्रोम असलेल्यांचा आकडा सरासरीने थोडा वर आढळतो, अर्थात दीड ते साडेचार लाखांच्या मर्यादेतच. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एरवी इन्शुलिन प्लेटलेटना शांत ठेवते. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की हा लगाम सुटतो, आणि प्लेटलेट जराशा निमित्ताने एकमेकींना चिकटू लागतात. हृदयाच्या धमनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो तो इथेही.

रिपोर्टात एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचे सरासरी आकारमान, असाही रकाना असतो. मोठ्या प्लेटलेट जास्त सक्रिय असतात आणि मधुमेहात हा आकडा वाढलेला वारंवार दिसला आहे. तरी त्यावरून घरी निष्कर्ष काढू नयेत. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत ते जितका वेळ पडून राहील तितक्या प्लेटलेट फुगतात, आणि यंत्रागणिकही आकडा बदलतो. मेटाबॉलिक सिंड्रोमपुरते पाहिले तर एमपीव्हीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतही नाहीत. शिंप्याची टेप त्याहून भरवशाची.

खरी काळजी उलट्या दिशेची आहे. याच सिंड्रोमबरोबर फॅटी लिव्हर येते. ते वाढत जाऊन यकृत निबर होऊ लागले की थ्रोम्बोपोएटिन कमी पडते, प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट अडकवून ठेवते आणि आकडा घसरतो. म्हणूनच वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-४ हा निर्देशांक काढतात. त्याला वेगळी सुई टोचावी लागत नाही. जुने रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. पोट तेवढेच आहे, पण काही वर्षांत प्लेटलेट पावणेतीन लाखांवरून एक लाख साठ हजारांवर आल्या असतील, तर खाली ‘नॉर्मल’ छापलेले असले तरी ते कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि फिब-४ किती येतो, ते विचारा.