भुंगेऱ्यापुढे एकटे जनुक पुरत नाही

कॅसलरॉकला घाटमाथ्याचा पाऊस सुरू झाला की डब्यातले कडधान्य सादळते आणि भुंगेऱ्याला रान मोकळे मिळते. चवळीच्या दाण्यावरचा पांढुरका ठिपका म्हणजे मादीने चिकटवलेले अंडे. त्यातली अळी थेट दाण्यात शिरते आणि तिथल्या साठवण-प्रथिनांवर पोसते. ही प्रथिने झाडाने कोंबासाठी बांधून दिलेली शिदोरी. पण काही दाण्यांत तीच अळीच्या मुळावर येतात. मेक्सिकोतल्या काही रानघेवड्यांत आर्सेलिन हे प्रथिन असते आणि त्या दाण्यात घेवड्याचा भुंगेरा नीट वाढू शकत नाही. लागवडीच्या वाणांत मात्र ते मुळात नव्हतेच.

मग ते जनुक उचलून पिकात घातले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण शेतातल्या घाटेअळीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालेले काम सावध करते. हरभऱ्याच्या दाण्यात अळीच्या पाचक विकरांना अडवणारी प्रथिने असतात. घाटेअळी तीच पोटात फोडून टाकते, हे १९९८ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवले. हरभऱ्यावर जगणाऱ्या अळीने त्यावर तोड काढलेली असणारच. पुढच्याच वर्षी त्यांनी तिला भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाट्यातली तशी प्रथिने खाऊ घातली. तिची वाढ खुंटली. एका प्रथिनाला न जुमानणारी विकरे दुसऱ्याने आवरली गेली. म्हणून मला एका जनुकापेक्षा जोडीवर भर देणे शहाणपणाचे वाटते.

अळीला जे बाधते ते आपल्याला कसे चालेल, हा आक्षेप रास्त आहे. कच्चा राजमा माणसालाही बाधतो. नीट शिजवला की त्यातली बरीचशी घातक प्रथिने निकामी होतात. तरीही तपासणी हवीच. घेवड्याचे जनुक घातलेल्या ऑस्ट्रेलियातल्या वाटाण्याने भुंगेरा रोखला, पण उंदरांत प्रतिकार-प्रतिक्रिया दिसल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले आणि काम थांबले. २०१३ च्या अभ्यासात साध्या घेवड्यानेही उंदरांत तशीच प्रतिक्रिया उठवली. म्हणजे दोष जनुक घालण्याच्या तंत्रावर ढकलून चालणार नाही. प्रत्येक प्रथिन स्वतंत्रपणे पारखावे लागेल.

त्या जोडीतले भिडू शोधायला फार लांब जायला नको. उडदाचा रानटी भाऊबंद सह्याद्रीत उगवतो, तुरीची रानटी भावंडेही. कॅसलरॉकच्या जोयडा तालुक्यातल्या रानांत आणि काठच्या शेतांत त्यांचा शोध घ्यावा. पहिली पारख सोपी आहे: मोजके दाणे बाटलीत घालायचे, भुंगेऱ्याच्या जोड्या सोडायच्या, तोंडाला फडके बांधायचे आणि पुढची पिढी किती बाहेर पडते ते मोजायचे. जिथे अंडी भरपूर पण भुंगेरे जेमतेम, त्या दाण्याची प्रथिने आधी तपासायची.