वाहकाची पत

सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारात भर रस्त्यावर, दुचाकीच्या आसनावर किंवा एखाद्या पेढीच्या उंबऱ्यावर कागदी पुड्या उलगडल्या जातात, त्यांतील खडे भिंगातून पारखले जातात, आणि सौदा ठरला की तीच पुडी आंगडियाच्या, म्हणजे मौल्यवान ऐवज पोहोचवणाऱ्या पेढीच्या माणसाच्या, स्वाधीन होऊन रेल्वेने मुंबईस रवाना होते. लाखांचा ऐवज ज्याच्या हाती सोपवायचा त्या इसमास पाठवणारा कित्येकदा व्यक्तिशः ओळखतही नसतो; तो ओळखतो ती पेढी, तिचे मालक, आणि माल गहाळ झाल्यास भरपाई पेढीनेच करावयाची हा या धंद्यातील पिढीजात रिवाज. आंगडियाच्या पिशवीचे कुलूप किती मजबूत आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. पुडी बुडाल्यास कोणाचे दार ठोठावावयाचे, हे मात्र प्रत्येकास ठाऊक असते.

याच शहरात अलीकडे दुसऱ्या एका वाहकाचा शिरकाव झाला आहे, आणि त्याच्या पेढीची व मालकाची चौकशी मात्र फारशी होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन लिंबायत-उधना भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील महाविद्यालयीन मुलगा असो की कापडबाजारातील एखादा तरुण व्यापारी, आपल्या मोबाइलवर ढाल, कुलूप किंवा किल्ला यांचे चिन्ह मिरवणारे एखादे व्हीपीएन ॲप तो क्षणार्धात उतरवून घेतो, आणि आपला सारा पत्रव्यवहार, आपले वाचन, आपल्या शंका व आपले आजार यांचा माग ज्याच्या हाती जाईल, त्या वाहकाचा मालक कोण व तो कोणत्या मुलखात राहतो, हे विचारीतही नाही.

व्हीपीएनचे कार्य मुळात साधे आहे. आपण इंटरनेटवर एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणत्या स्थळी गेलो हे सामान्यतः दिसते. तेथे काय वाचले किंवा काय लिहिले, ते बहुतेक स्थळे स्वतःच सांकेतिक रूपात पाठवीत असल्याने दिसत नाही. व्हीपीएन घेतल्यावर आपली सर्व वाहतूक एका बंदिस्त मार्गाने प्रथम त्या सेवेच्या संगणकाकडे जाते व तेथून पुढे निघते, म्हणून जोडणी पुरवणाऱ्याला केवळ तो मार्ग दिसतो आणि समोरच्या स्थळाला आपल्याऐवजी त्या संगणकाचा पत्ता दिसतो. परंतु पूर्वी जी माहिती जोडणी पुरवणाऱ्याला दिसत होती, ती आता व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसू शकते. पाहणारा बदलला, पाहण्याची शक्यता नाहीशी झाली नाही. आणि हा अदलाबदलीचा व्यवहार असल्यामुळे ज्याला आपण सोडले त्याच्यापेक्षा ज्याला धरले तो अधिक विश्वासार्ह आहे काय, हाच त्यातील एकमेव मुद्दा ठरतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली ‘लष्करी दर्जाची’ सांकेतिक पद्धत ही बहुधा त्याच जातीची असते, जी कोणतेही नवे ब्राउझर व बँकेचे संकेतस्थळ विनामूल्य व निमूटपणे वापरीत असते. शिवाय जोडणीच नसेल, तर व्हीपीएनही निरुपयोगी ठरते: ऑगस्ट २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत मोबाइल इंटरनेटच बंद करण्यात आले, तेव्हा सुरतेतल्या मोबाइलवरच्या कोणत्याही व्हीपीएनला काही करता येणे शक्य नव्हते. मार्गच उरला नाही तर बंदिस्त मार्ग कोठून येणार?

या धंद्यातील सर्वांत मोठे अभिवचन म्हणजे ‘आम्ही कसलीही नोंद ठेवीत नाही’ हे होय, आणि त्याची परीक्षा ग्राहकाला स्वतः घेता येत नाही, हीच त्यातील अडचण आहे. हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या प्युअरव्हीपीएन या सेवेचे असेच अभिवचन होते. २०१७ साली अमेरिकेत एका तरुणीच्या दीर्घ व निर्घृण छळाच्या तपासात याच कंपनीच्या नोंदींवरून, आरोपीच्या घरचा व कामाच्या ठिकाणचा इंटरनेट पत्ता एकाच ग्राहकाशी जुळतो, असे अमेरिकी तपासयंत्रणेने न्यायालयापुढे मांडले. गुन्हेगार पकडला गेला याचा आनंदच मानला पाहिजे, आणि तरीही प्रत्येक निरपराध ग्राहकाला दिलेला शब्द खोटा ठरला होता, हेही तितकेच खरे. त्याहून बोधप्रद प्रकरण जुलै २०२० चे. यूएफओ व्हीपीएन, फास्ट व्हीपीएन, रॅबिट व्हीपीएन अशा निरनिराळ्या नावांची सात ॲप्स, निरनिराळ्या रंगांची व चिन्हांची, नोंदी न ठेवण्याची ग्वाही देणारी. आणि संशोधकांना आढळले ते असे की त्या साऱ्यांचे दप्तर एकाच उघड्या संगणकावर होते, व त्यात ग्राहकांचे पत्ते, त्यांच्या जोडण्यांच्या नोंदी, इतकेच नव्हे तर काहींचे परवलीचे शब्दही कोणालाही वाचता येतील असे पडलेले होते. ग्राहकाने सात दुकानांतून निवड केली असे त्याला वाटले. प्रत्यक्षात दुकान एकच होते.

जाहिरातीतील ‘स्वतंत्र’ या विशेषणाचेही तेच. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१७ मध्ये सायबरघोस्ट, २०१९ मध्ये प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ मध्ये ९३ कोटी ६० लाख डॉलरना एक्सप्रेसव्हीपीएन विकत घेतली, आणि त्याच वर्षी व्हीपीएन सेवांची परीक्षणे प्रसिद्ध करणारी संकेतस्थळेही आपल्या पदरी घेतली. यात बेकायदेशीर असे काही नाही. परंतु वाहक आणि वाहकाची पारख करणारा पंच एकाच मालकाचे झाल्यावर त्या पारखीला काय वजन द्यावे, हे वाचकाने स्वतःच ठरवावयास हवे.

नावलौकिक चिन्हावाचूनही उभा राहतो, याचा दाखला सुरतेच्याच इतिहासात आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन पंथाच्या धर्मगुरूचे निवासस्थान आणि डच कंपनीच्या एका दिवंगत दलालाचे घर सुरक्षित राहिले, कारण तो दलाल हयात असताना मोठा दानशूर होता असे महाराजांस कळले होते, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. त्या घरावर कोणतीही पाटी नव्हती. मृत मनुष्याच्या आचरणाची आठवण तेवढी शहरात शिल्लक होती.

लहान व स्वतंत्र व्हीपीएन सेवेला ही वाट खुली आहे, आणि मोठ्या भांडवलाच्या कंपनीपेक्षा तिला ती अधिक सोपी असावी, असे माझे मत आहे. स्वीडनमधील मुलवाड ही सेवा २००९ पासून चालू आहे. ती ग्राहकाचे नाव मागत नाही, ई-मेल मागत नाही; एक आकडा देते, तोच खाते, आणि हवे असल्यास पाकिटात घालून पाठवलेले रोख पैसेही स्वीकारते. महिन्याचे मोल पाच युरो, वर्षभराच्या सवलतीचा मोह नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडिश पोलीस झडतीचा हुकूम घेऊन तिच्या गॉटेनबर्ग येथील कचेरीत आले आणि काहीही जप्त न करता परत गेले, कारण जे हवे होते ते दप्तर मुळात अस्तित्वातच नव्हते. येथे ग्राहकाने मालकाच्या सचोटीवर विसंबण्याची गरज पुष्कळशी कमी केलेली आहे. विश्वासघात करावयाची इच्छा झाली तरी हाती काही सापडू नये, अशी रचना आधीच करून ठेवलेली आहे. अभिवचनापेक्षा अशी रचना श्रेष्ठ, आणि ती उभारावयास जाहिरातीचा खर्च लागत नाही.

मात्र हीच सेवा उद्या कोणी सुरतेत सुरू करू म्हणेल, तर त्याला ती जशीच्या तशी करता येणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या आधारे २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, सर्वसाधारण ग्राहकांना व्हीपीएन पुरवणाऱ्याने ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता व दूरध्वनी, ई-मेल, त्याला दिलेले इंटरनेट पत्ते, सेवेचा काळ व ती घेण्याचा हेतू हा सारा तपशील नोंदवून, ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही किमान पाच वर्षे जपून ठेवावयाचा आहे. संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवावयाच्या आहेत. पालन न केल्यास कारावासाचीही तरतूद आहे. कंपन्यांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला या नोंदणीतून वगळले आहे. हे निर्देश निघाल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन यांनी त्याच वर्षी आपले भारतातील संगणक काढून घेतले, व त्यांपैकी काही सेवा आता परदेशांतील संगणकांवरून भारतीय पत्ता पुरवितात.

सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्याला दप्तर लागते, हे नाकारण्याचे कारण नाही. आंगडियांच्या पेढ्यांवरही प्राप्तिकर खात्याची नजर याच कारणाने असते. परंतु ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणास मूलभूत हक्क ठरविले, तेथे प्रत्येक निरपराध ग्राहकाची नोंद पाच वर्षे साठवून ठेवण्याची सक्ती मला प्रमाणाबाहेरची वाटते; शिवाय एखाद्या लहान पेढीच्या संगणकावर साठलेले असे दप्तर चोरांचे आयते लक्ष्य होते, आणि यूएफओ व्हीपीएनच्या प्रकरणाने ती भीती काल्पनिक नाही हे दाखवून दिले आहे.

कायदा आहे तसा असेतोवर सुरतेतील लहान सेवेने ‘नोंद ठेवीत नाही’ हे वाक्य लिहूच नये. तिने मालकाचे नाव व नोंदणीकृत पत्ता लिहावा. संगणक कोठे आहेत व ते स्वतःचे की भाड्याचे, हे सांगावे. आपला प्रोग्राम तपासणीसाठी खुला ठेवावा, कारण बाहेरचा लेखापरीक्षक नेमण्याचा खर्च तिला झेपला नाही तरी एवढे तिला निश्चित करता येते. आणि वर्षातून एकदा, कोणत्या सरकारी खात्याने किती वेळा माहिती मागितली व किती दिली, ते आकडे कायद्याची मुभा असेल तितके प्रसिद्ध करावेत. परगावच्या हॉटेलातील वायफायवरून दुकानाचा हिशेब पाहणाऱ्या किंवा जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला आपले वाचन विकावयाची संधी देऊ न इच्छिणाऱ्या माणसाला एवढी सेवा पुरेशी आहे, आणि तिच्यासाठी तो आनंदाने मोल देईल. त्याने पैसे भरण्यापूर्वी त्याला एक गोष्ट मात्र कळलीच पाहिजे, ती ही की आज तो जे नाव व जो पत्ता देत आहे, ते त्याने सेवा सोडल्यानंतरही किमान पाच वर्षे पेढीच्या दप्तरी राहतील. आणि ही ओळ नियम व अटींच्या बारीक अक्षरांत न दडवता, जेथे महिन्याची किंमत छापलेली असते त्याच्या शेजारी, तितक्याच ठळक टाइपात असावी.