फाइल अस्सल की बनावट?
सॉफ्टवेअर पॅकेजच्या फाइलला नाव कुणीही काहीही देऊ शकतं. तारीखही बदलता येते. म्हणून तिची ओळख पटवायची ती हॅशवरून. एसएचए-२५६ ही पद्धत फाइलमधला प्रत्येक बिट हिशेबात धरून २५६ बिटांची संख्या काढते. हाच त्या फाइलचा हॅश; तो ६४ अंक-अक्षरांत लिहितात. फाइल दोन केबीची असो वा चार जीबीची, लांबी तीच. आतलं एक अक्षर बदललं, तरी अख्खी संख्या पालटते.

डेबियन लिनक्समध्ये ही तपासणी आपोआप होते. प्रत्येक पॅकेजचा हॅश ‘पॅकेजेस’ या यादीत, त्या यादीचा हॅश ‘रिलीज’ फाइलमध्ये आणि त्या फाइलवर डेबियनची डिजिटल सही. उतरवलेल्या पॅकेजचा हॅश जुळला नाही, तर पॅकेजेस बसवणारा ‘ॲप्ट’ हा प्रोग्रॅम ते बसवत नाही.

सही कशासाठी? फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसलेल्यांनी डाउनलोडचा दुवा बदलून चोरवाट ठेवलेली आवृत्ती लोकांच्या गळ्यात मारली. संकेतस्थळच ताब्यात आलं, तर तिथे छापलेला हॅशही बदलता येतो. सहीची खासगी किल्ली मात्र तिथे ठेवलेली नसते.

एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतींवर आता विसंबू नये. एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली २०१७मध्येच संशोधकांनी तयार करून दाखवल्या आहेत.